राखून ठेवलेला समुद्र

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात विष्णुपुरी येतं. तिथल्या वस्तीत दीपमालाची बालवाडी आहे. पत्र्याची एक लांबट खोली, पुढं लिंबाचं झाड, आणि दरवर्षी नव्यानं रडत येणारी वीस-पंचवीस पोरं. रडं थांबवायला बाकीच्या बाया खाऊ देतात, दीपमाला जहाजाची गोष्ट सांगते. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आज कॉलेजात आहेत, मोटारसायकलवर फिरतात, आणि रस्त्यात भेटली की गाडी थांबवून विचारतात, "बाई, ते झोप विकणारं बेट अजून सांगता का?"

ही गोष्ट कुणाची, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "माझी आन् शरूची." गेल्या वर्षापासून ती तसं म्हणत नाही.

दीपमाला मूळची लातूर जिल्ह्यातल्या मुरुडची. वडील भुजंगराव स्वतःची जमीन कसणारे. खाऊनपिऊन सुखी घर, पण पुस्तक नावाची वस्तू घरात पंचांगापुरतीच. त्यांच्या मागच्या गल्लीत गुंडप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं, आणि शरणम्मा ही गुंडप्पांची धाकटी लेक. तिला सगळे शरू म्हणत. शरूच्या घरात आईला अव्वा म्हणायचे, सोमवारी दुकान उघडायच्या आधी शंकराची पूजा व्हायची, आणि आजी रागावली की कानडीत बोलायची. दोघी एका वर्गात, एका बाकावर. एकीला ताप आला तर दुसरी शाळेला जायची नाही, इतकं ते मैत्र होतं.

त्यांच्या शाळेत शेषेराव गुरुजी होते. त्यांनी कुठून तरी एक लाकडी पेटीभर पुस्तकं आणली होती. बहुतेक थोर पुरुषांची चरित्रं. पोरं ती घरी न्यायची आणि न वाचता परत आणायची. त्या पेटीच्या तळाशी दोघींना एक पुस्तक सापडलं. त्याला कव्हर नव्हतं, सुरुवातीची काही पानं नव्हती. त्यामुळं पुस्तकाचं नाव काय, लिहिलं कुणी, हे त्यांना तेव्हा कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही. परदेशातल्या गोष्टीचं मराठी केलेलं होतं, एवढं त्यातल्या पोरींच्या नावांवरून समजायचं.

गोष्ट होती एका जहाजाची. जहाजावर एक लंगडा म्हातारा आणि त्याच्या दोन नाती. म्हाताऱ्याचे डोळे गेल्यावर थोरली कप्तान होते आणि धाकटी डोलकाठीवर चढून टेहळणी करते. मग बेटामागून बेटं लागत जातात. एका बेटावर प्रतिध्वनी आधी ऐकू येतो आणि बोलणं मागून. एका बेटावर बाजारात झोप मापानं मिळते. एका बेटाला किनाराच नाही. उतरायचं तर उडी टाकावी लागते आणि पुढचं पुढं. आणि त्या जहाजाचा एक कायदा होता. नवा किनारा एकट्यानं बघायचा नाही. वर बसलेलीला काही दिसलं की तिनं डोळे मिटून घ्यायचे, खाली हाक द्यायची, आणि सगळे वर आले की मिळून बघायचं.

ज्या गावात उन्हाळ्यात हापशावर घागरींची रांग लागायची, तिथं या दोन पोरी त्या रांगेत बसून अथांग पाण्याची गोष्ट वाचायच्या. शरू मोठ्यानं वाचायची, दीपमाला घागर पुढं सरकवायची. "एवढं पाणी आन् पिता येत न्हाई?" हे दीपमालाला कितीतरी दिवस पटलं नव्हतं. तिला वाटायचं, भाषांतर करणाऱ्याचं काहीतरी चुकलं असणार. पण तिला त्या पुस्तकात सगळ्यात काय आवडलं असेल, तर तिथं कुणी कुणाला विचारत नव्हतं. कुठं चाललीस, कधी येणार, कुणासोबत, दिवेलागणीच्या आत ये. पोरी शिडं सोडायच्या आणि निघायच्या. वारा आला म्हणजे झालं.

नकाशाच्या पुस्तकात एकदा शरूला कोकणात आणखी एक मुरुड सापडलं, अगदी समुद्राला चिकटून. दोघींनी तो ठिपका बराच वेळ बघितला. "आपण चुकीच्या मुरुडात जन्मलो," शरू म्हणाली.

त्याच सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. मुरुडातली माणसंही धसकली. घरं उभी होती, पण आत झोपायची कुणाची हिंमत नव्हती. दोन्ही घरांच्या बाजा गावाबाहेरच्या मोकळ्या रानात शेजारी शेजारी पडल्या. संध्याकाळ झाली की बाया चुली पेटवायच्या, बापे बिड्या ओढत जमिनीचा कानोसा घ्यायचे, आणि या दोघी एका बाजेवर बसून जहाज चालवायच्या. दीपमाला कप्तान, शरू टेहळणीवर. आजूबाजूच्या भेदरलेल्या पोरांना त्यांनी त्या बाजेवर घेतलं आणि रोज एका नव्या बेटावर नेलं. पुस्तकातली बेटं संपली तेव्हा स्वतःची जोडली. त्या दिवसांतच त्यांनी एकमेकींच्या हातावर हात ठेवून ठरवलं, की समुद्र बघायचा तर दोघींनी मिळून. एकीनं आधी बघायचा नाही.

अशी वचनं त्या वयात कितीतरी दिली जातात आणि वाऱ्यावर जातात. दीपमालाचं गेलं नाही. तिचा स्वभावच तसा. एकदा मनाशी धरलं की धरलं.

पुढं दोघींची लग्नं मागंपुढं झाली. दीपमाला नांदेडला आली. नवरा सुदर्शन, मोटारी वाइंडिंग करून देणारा. अबोल, कामसू, हाताला कायम वार्निशचा वास. शरूला लातुरातच दिलं, गंजगोलाईजवळच्या भांड्यांच्या दुकानात. खाली दुकान, वर घर. नवरा बसवराज मोठा दिलदार माणूस. पंचमीला दोघी न चुकता माहेरी यायच्या. पहिल्याच पंचमीला दीपमालानं पिशवीतून एक निशाण काढलं. शिवणकामातल्या चिंध्या जोडून स्वतः शिवलेलं, निळं-पांढरं. "जाऊ तवा काठीला लावू," ती म्हणाली. शरूनं ते निशाण हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, आणि मग दीपमालाच्या गळ्यात पडून खूप रडली. नव्या सुनांना रडायला कारण लागत नाही, असं समजून दीपमालाही तिच्यासोबत रडली.

नंतर दर पंचमीला बेत ठरायचा आणि मोडायचा. कधी हिचं बाळंतपण, कधी तिच्या सासूचं आजारपण, कधी दुकानाचं बांधकाम, मग पोरांची बारावी. लातुरात बारावी म्हणजे घरातल्या सगळ्यांचीच बारावी. शरूची स्वप्नाली शिकत असताना तर शरूनं दोन वर्षं टीव्ही कपड्यात गुंडाळून ठेवला होता. दीपमाला कधी कुरकुरली नाही. "समुद्र कुटं पळून चाललाय," म्हणायची.

या मधल्या काळात समुद्र तिच्याकडं आपण होऊन दोनतीनदा चालत आला. बालवाडीच्या बायांची सहल रत्नागिरीला निघाली, ती गेली नाही. सुदर्शनच्या भावानं सगळ्या कुटुंबाला गाडी करून कोकणात न्यायचं काढलं, तिनं पोटदुखीचं निमित्त सांगितलं. आणि मग तिचा मुलगा हरिओम पनवेलला नोकरीला लागला. दिवाळी झाल्यावर ती त्याच्याकडं राहायला गेली. त्यानं हौसेनं मित्राची गाडी घेतली आणि आईला मुंबईला देवदर्शनाला न्यायचं ठरवलं. वाटेत खाडीवरचा मोठा पूल लागणार होता. हरिओम म्हणाला, "आई, आता बघ उजवीकडं." दीपमालानं डोळे मिटले, वरून पदर घेतला आणि पूल संपेपर्यंत तशीच बसून राहिली. खारा वास नाकात आला तेव्हा तिनं पदर नाकावरही धरला.

"ही खाडी हाय गं," पोरगा म्हणाला.

"खाडी म्हणजे त्याचाच हात की."

दर्शन करून ती तशीच परत आली. हरिओम नाराज झाला. जगभरची माणसं हे बघायला येतात आणि माझी आई डोळे झाकून घेते, म्हणाला. तिनं त्याच दिवशी संध्याकाळी शरूला फोन लावला आणि सगळं सांगितलं, अगदी पदर नाकावर धरल्याचंसुद्धा. पलीकडं शरूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शाब्बास गं माझी कप्तान." ते ऐकून दीपमालाला इतकं बरं वाटलं, की तिनं पोराच्या किचनमध्ये गुणगुणत दुसऱ्या दिवशीच्या थालीपिठांचं पीठ मळून ठेवलं.

गेल्या वर्षी स्वप्नालीचं लग्न झालं. आता दोघींना अडवणारं काही उरलं नाही. लातुरातल्या एका महिला मंडळाची गाडी माघात कोकणात निघत होती आणि तिच्या वाटेवर ते दुसरं मुरुड होतं. शरूनं दोघींची नावं घातली. दीपमालानं बालवाडी आठवडाभर शेजारच्या महामायावर सोपवली, पोरांना सांगितलं की बाई जहाजाकडं चालल्यात, आणि निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच लातूर गाठलं.

शरूनं तिला घट्ट मिठी मारली, चहा दिला, आणि दोघी पिशव्या भरायला बसल्या. दीपमालानं मुद्दाम घेतलेल्या दोन नव्या सुती साड्या काढून दाखवल्या.

"सुती कामून घेतलीस?" शरू म्हणाली. "तिथं खारा वारा आसतो. धुतली की वाळत न्हाई, नुसती चिकचिक करती. माझ्या दोन सिंथेटिक देते, त्या घाल. आन् पाण्यात उभी राहिलीस की खाली बघू नको बरं का. लाट माघारी जाताना पायाखालची वाळू ओढून नेती. आपणच मागं चाललोय आसं वाटून गरगरतं. समोर लांब बघायचं."

हे सगळं तिनं साडीची घडी करता करता सांगितलं, घरच्या गोष्टी सांगाव्या तसं. दीपमाला आधी मान हलवत ऐकत होती. मग तिची मान हलायची थांबली.

"तुला कसं ठाव?"

"टीव्हीत दाखवतात की."

"टीव्हीत गरगरतं का?"

"अगं, स्वप्नालीनं सांगितलं आसंल. तिच्या कॉलेजाची ट्रिप गेलती न्हाई का." शरूनं वर बघितलं नाही. "मोजे घेतलेस का? सकाळी गार आसतं गाडीत."

एका प्रश्नाला दोन उत्तरं आली, हे दीपमालाच्या ध्यानात आलं. पण तिनं ते बाजूला सारलं. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीवर असल्या कारणानं शंका घ्यायची म्हणजे आपणच कोत्या मनाचे, असं स्वतःला बजावून ती मोजे शोधायला लागली.

दुपारी बसवराज दुकानातून जेवायला वर आला. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. तो जेवायचा तब्येतीनं आणि बोलायचाही तब्येतीनं.

"चाललात मग दिपाताई? बरं केलात. आमची ही महिना झाला तयारी करून राहिली."

"दाजी," दीपमाला म्हणाली, "तुम्ही न्हाई सोबत. हिला पाण्याची भीती वाटली तर मी काय करू?"

हे तिनं सहज विचारलं की मुद्दाम, ते तिला अजूनही सांगता येत नाही.

बसवराज हसला. "हिला? हिला कसली भीती. कारवारला मामाकडं गेलो की सकाळ-संध्याकाळ ही किनाऱ्यावर. उठवून आणावं लागतं. लग्न झाल्या झाल्या गोकर्णला दर्शनाला नेलतं आम्ही सगळे. तिथं समुद्र बघितली आन् ही रडायलीच. बसलीच वाळूत. आमच्या अव्वाला वाटलं, सुनंला माहेरची आठवण आली." तो आठवून पुन्हा हसला. "तवापासून लई नाद हाय तिला समुद्राचा. तुम्हाला तर सांगितलीच आसंल."

शरू पाणी आणायला आत गेली होती. आत तांब्या ठेवल्याचा आवाज झाला, पण ती बाहेर आली नाही.

"हाव," दीपमाला म्हणाली. "सांगितली होती." आणि तिनं बसवराजच्या ताटात भाकरी वाढली.

कारवारचं नाव तिनं या घरात कधी ऐकलं नव्हतं. शरू नेहमी म्हणायची, हुबळीला मामांकडं चाललोय.

जेवणं झाल्यावर बसवराज खाली दुकानात गेला. गच्चीवर तुरीची डाळ वाळत घातली होती, ती हलवायला शरू वर गेली आणि तिच्यामागं दीपमालाही गेली. शरू डाळीत हात घालून बसली. ऊन चांगलंच होतं.

"कितीदा गेलीस?" दीपमालानं विचारलं.

"मोजलं न्हाई."

खालून बाजारातल्या गाड्यांचे हॉर्न येत होते. शरूनं डाळ एका बाजूला ओढली, परत पसरली.

"पहिल्यांदा मी मिटले होते डोळे, दिपे. शप्पथ. देवळाच्या मागून वळलो आन् समोर ते दिसलं, तसे मिटलेच. सासूबाई म्हणल्या, डोळ्यात कचरा गेला का? सगळे थांबले माझ्यासाठी. नवी नवरी मी, काय सांगू त्यांना? उघडले मग."

"ते मला समजतंय."

"पंचमीला सांगणारच होते. तू ते निशाण काढलीस पिशवीतून. तुझं तोंड बघून माझी जीभच उचलंना."

"आन् पुढच्या पंचमीला?"

"पुढच्या वर्षी आणखीच अवघड झालं."

दीपमाला कठड्याला टेकून उभी होती. तिला ओरडायचं नव्हतं. तिला फक्त एक गोष्ट विचारायची होती.

"पनवेलहून मी फोन केलता. पुलावर डोळे झाकून बसले ते सांगितलं. तवा तू काय म्हणलीस?"

शरू डाळ चाळवत राहिली.

"आठवतंय का न्हाई?"

"आठवतंय."

"म्हण मग."

"राहू दे ना गं."

"म्हण."

"शाब्बास गं माझी कप्तान, म्हणले."

"आन् तू तवा शेवटची कधी गेलतीस?"

"दिवाळीच्या सुट्टीत," शरू म्हणाली. म्हणजे त्या फोनच्या आधी, महिनाही झाला नव्हता.

मग शरू रडायला लागली, आणि रडता रडता तिनं सगळं बोलून टाकलं. ती म्हणाली, "मला वाटायचं, तुलाबी आतून ठाव हाय. आपण दोघी मिळून खेळ खेळतोय. एवढ्या मोठ्या बाया झालो, पोरं लग्नाची झाली, आपण काय खरंच तसल्या वचनावर बसलोय का? आन् कधी वाटायचं, सांगून टाकावं. पण मग वाटायचं, दिपीकडं दुसरं हाय तरी काय? सुदर्शनभाऊंचं दुकान आज चालतंय, उद्या न्हाई. ती पत्र्याची खोली. एवढी एक गोष्ट हाय तिच्याकडं, तीबी आपण कामून मोडायची? तुझ्यासाठीच जपली मी."

आतापर्यंत दीपमालाला वाईट वाटत होतं. हे ऐकल्यावर तिला गार पडल्यासारखं झालं. शरूसमोर आपण कमी आहोत असं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. शरूच्या घरात टाइल्स आल्या, गाडी आली, ते बघून तिला आनंदच झाला होता, कारण तिच्या लेखी ते जहाज ही दोघींची एक वेगळीच इस्टेट होती आणि त्यात दोघी बरोबरीच्या होत्या. आज कळलं, की त्या बाजेवर ती कधीपासूनची एकटीच बसली होती. दुसरी खाली उतरून, लांब उभं राहून, कौतुकानं आणि कीव करत तिच्याकडं बघत होती.

"मी जाते," ती म्हणाली.

"उद्या गाडी हाय, दिपे. आता तरी चल की. आता तरी मिळून बघू."

"तुझं बघून झालंय."

तिनं खाली येऊन पिशवी उचलली. सुती साड्या तिथंच बाहेर पडल्या होत्या, त्या तिनं नीट घडी घालून आत ठेवल्या. दुकानात बसवराजनं विचारलं तेव्हा बालवाडीत एक पोरगं पडलंय, असं सांगून ती निघाली. तो बिचारा स्टँडपर्यंत सोडायला येतो म्हणाला. तिनं नको म्हटलं.

नांदेडच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. अहमदपूर मागं पडलं, लोहा मागं पडलं, आणि तिच्या डोक्यात एकेक पंचमी नव्यानं उघडत गेली. एकदा झोक्यावर बसून शरूनं विचारलं होतं, "दिपे, समुद्राचा आवाज कसा आसंल गं?" तेव्हा दीपमालानं घरात जाऊन रिकामी घागर आणली होती, तिच्या तोंडाशी तोंड नेऊन कितीतरी वेळ फुंकलं होतं, लांब, मग जवळ, मग पुन्हा लांब. शरू डोळे मिटून ऐकत होती. "अगदी तसाच आसंल," म्हणाली होती. तेव्हा तिच्या कानात खरा आवाज होता आणि ती घागरीचा ऐकत होती. का विचारलं असेल तिनं? चेष्टा म्हणून? की दीपमालाला तो आवाज काढताना बघायला तिला आवडायचं? दीपमालानं दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही बाजूंनी तेवढंच लागलं.

घरी सुदर्शननं काही विचारलं नाही. चारेक दिवसांनी तिनं आपण होऊन सांगितलं. तो वाइंडिंगची तार गुंडाळत ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, "एवढंच?" मग तिच्या तोंडाकडं बघून त्यानं तार खाली ठेवली. "चल, मी नेतो."

"नको."

बालवाडीत पोरांनी विचारलं, बाई, जहाज भेटलं का. तिनं सांगितलं, दुरुस्तीला लागलंय. आणि तिनं त्यांना चिमणीची, ससुल्याची अशा गोष्टी सांगितल्या. पोरं ऐकायची, पण पूर्वीसारखी पुढं सरकून बसायची नाहीत.

उन्हाळ्यात हरिओमनं पुन्हा बोलावलं, तेव्हा सुदर्शननं दुकान बंद ठेवून तिच्यासोबत पनवेलची गाडी धरली. या खेपेला तिनं पोराला स्वतःच सांगितलं, की मला समुद्राला ने. फक्त मुरुडला नको. तो म्हणाला, अलिबागकडं जाऊ, जवळ आहे. एका साध्या गावाच्या मागं, सुरूच्या झाडांतून वाट होती. हरिओम गाडी लावायला थांबला, सुदर्शन त्याच्याशी बोलत राहिला, आणि दीपमाला चपला हातात घेऊन पुढं गेली.

तिची एक आशा होती, हे तिनं नंतर सुदर्शनला सांगितलं. समुद्र मामुली निघावा, अशी. धरणाच्या पाण्यासारखंच पाणी, जरा जास्त, वर प्लास्टिकच्या बाटल्या, असं काहीतरी. म्हणजे शरू बघून आली आणि बोलली नाही, तर त्यात एवढं काय होतं बोलण्यासारखं, असं म्हणता आलं असतं. सोडून देता आलं असतं.

झाडं संपली आणि तो समोर आला. तो पुस्तकातल्याइतकाच मोठा होता. त्याला पलीकडची बाजूच नव्हती. पाणी एका जागी थांबतच नव्हतं, उठायचं, अंगावर यायचं, फुटायचं, आणि कुणी बोलावल्यासारखं परत जायचं. आकाश जिथं टेकलं होतं तिथून एक बारकं जहाज चाललं होतं, खरंखुरं, कुणालाही न विचारता. दीपमालाचे पाय वाळूत तसेच रुतले. तिला कळलं, की शरू वाळूत बसून रडली ती का. आणि मग लगेच दुसरंही कळलं. हे एवढं सगळं डोळ्यांत घेऊन ती त्या पंचमीला आली होती. झोक्यावर शेजारी बसली होती. दुसऱ्या वर्षी आली, तिसऱ्या वर्षी आली, आणि यातला एक थेंब तिनं खाली सांडू दिला नव्हता. माणूस एवढं मोठं काही कुठं लपवत असेल?

ती पाण्यात गेली. लाट पायांवरून गेली आणि माघारी फिरली. तिनं खाली बघितलं. वाळू सरकली, आपणच मागं ओढले जातोय असं वाटलं, डोकं गरगरलं. समोर लांब बघायचं, हे शरूचे शब्द तिच्या कानात आपोआप आले, आणि तिनं समोर बघितलंही. तिला त्याचाच सगळ्यात राग आला. इथंही शरू आधी येऊन गेली होती.

"नारळपाणी घेतीस का?" सुदर्शननं मागून विचारलं. तिनं मान हलवली. तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तो नवरा म्हणून चांगला आहे, हे तिला तेव्हा प्रकर्षानं जाणवलं. पण तो शरू नव्हता, आणि त्याला त्या जहाजाचं काही माहीत नव्हतं.

शरूचे फोन माघापासून येत होते. दीपमाला ते घ्यायची, हाव-न्हाई करायची, ठेवायची. भांडण असं कधी झालंच नाही, त्यामुळं मिटायचाही प्रश्न नव्हता. पनवेलहून परतल्यावर पुन्हा एकदा फोन आला. स्वप्नालीला दिवस गेले होते, ते सांगायला. सांगून झालं आणि शरू घुटमळली.

"काय करून राहिलीस?" तिनं विचारलं.

"काई न्हाई. जाऊन आले मी."

"कुटं?"

"अलिबागकडं. समुद्राला."

पलीकडून दुकानातल्या भांड्यांचा खणखणाट तेवढा येत राहिला.

"कसा वाटला?" शेवटी शरूनं विचारलं. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"तुला ठाव हाय की," दीपमाला म्हणाली.

मग दीपमालानंच विचारलं, की स्वप्नालीला उलट्या होतात का, आणि आंबट खायला मागते का. शरू नाक ओढत सांगायला लागली. दोघी बराच वेळ त्यावरच बोलत राहिल्या.